बेल्ट कधी बदलतो, आणि कशावर?

या वेळची बहुतेक पत्रं कराटेच्या बेल्टविषयीच आहेत. उशीर का होतो, नापास का केलं, शेजारच्या क्लासमध्ये लवकर कसा मिळाला. मी शोतोकान ही कराटेची शैली शिकवते आणि ग्रेडिंगला, म्हणजे बेल्टच्या परीक्षेला, परीक्षक म्हणूनही बसते, त्यामुळे काता (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली) आणि स्टान्सची (उभं राहण्याच्या पद्धतींची) उदाहरणं शोतोकानची येतील. गोजू-र्यू, शितो-र्यू, वादो-र्यू या इतर शैली करणाऱ्यांनी ती आपापल्या पद्धतीला लावून घ्यावीत.

प्रश्न : ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. वर्षभर ग्रीन बेल्टवरच अडकलाय. त्याच्याबरोबर सुरुवात केलेला मित्र दुसऱ्या क्लासला जातो, त्याला ब्राऊन मिळालासुद्धा. आमचा हिरमुसून बसतो, क्लासला जायला कुरकुर करतो. क्लास बदलावा का?

उत्तर : क्लास बदलायचा की नाही ते थोडं थांबून ठरवा. आधी ही तुलना बाजूला ठेवा, कारण दोन क्लासमधल्या दोन रंगांची तुलना मुळात होतच नाही.

बेल्टची पद्धत कराटेत जन्मलेली नाही. ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी १८८०च्या दशकात दान ही श्रेणी (आज ब्लॅक बेल्टपासून पुढच्या पायऱ्या) सुरू केली. शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी गिचिन ओकिनावाहून तोक्योला आले ते १९२२ मध्ये, आणि १९२४ मध्ये त्यांनी कराटेतले पहिले दान दिले. पुढे वादो-र्यू स्थापन करणारे ओत्सुका हिरोनोरी त्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. पांढऱ्या आणि काळ्याच्या मध्ये आज दिसते ती रंगांची रांग आणखी नंतरची, आणि तीसुद्धा ज्युदोच्या मार्गाने आलेली. १९३०च्या दशकात पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या कावाइशी मिकिनोसुके यांनी ती फ्रान्समध्ये रुजवली. शिकणाऱ्याला पुढचा टप्पा डोळ्यांना दिसावा, हा त्यामागचा साधा हेतू होता. त्यामुळे रंगांचा क्रम कुणा एका गुरूने सगळ्यांसाठी आखून दिलेला नाही. शोतोकानच्या पुष्कळ दोजोंत, म्हणजे क्लासमध्ये, यलो अगदी सुरुवातीला येतो, तर क्योकुशिन शैलीत ऑरेंज आणि ब्लू झाल्यावर यलो. ब्लॅक बेल्टच्या आधीच्या, उतरत्या क्रमाने मोजायच्या पायऱ्या, म्हणजे क्यू, कुठे दहा, कुठे आठ. तुमच्या मुलाच्या मित्राला ब्राऊन मिळाला, एवढ्यावरून त्याला काय येतं हे मलाही सांगता येणार नाही.

तुम्ही सरांना जाऊन भेटा. फक्त ‘बेल्ट कधी देणार’ असं विचारू नका. ‘सध्या त्याचं नेमकं काय अडलंय’ असं विचारा. ‘कोकुत्सु-दाचीत वजन मागच्या पायावर राहत नाही, पुढे येतं’ किंवा ‘हेयान सान्दान या कातात वळताना तोल जातो’ असं काही ठोस उत्तर आलं, तर तुमचा मुलगा चांगल्या हातात आहे. त्याला तिथेच राहू द्या. उलट ‘पुढच्या परीक्षेचे पैसे भरा, मग बघू’ एवढंच ऐकायला मिळालं, तर दुसरा क्लास बघायला हरकत नाही. पण तिथेही रंग लवकर मिळतो म्हणून जाऊ नका. तासभर मागे बसून क्लास बघा. सर मुलांच्या पायांकडे बघतात का, चूक दाखवल्यावर ती सुधारेपर्यंत मुलाजवळ थांबतात का, एवढं बघितलं तरी पुरे.

घरी एक गोष्ट करून बघा. मुलं काता शिकताना खोलीच्या खुणा धरतात. आरशाकडे पहिला ब्लॉक, दाराकडे वळायचं, खिडकीकडे किआई, म्हणजे जोरदार आरोळी. त्याला सांगा, ‘आज या भिंतीकडे तोंड करून सुरू कर.’ मग दुसऱ्या भिंतीकडे, मग कोपऱ्याकडे तिरकं. हेयान सान्दानमध्ये २० हालचाली आहेत. त्या कोणत्याही दिशेने न अडखळता जमल्या की काता अंगात बसला समजा. याची मुलांना स्वतःला इतकी मजा वाटते की रंगाचा विषय काही दिवस मागे पडतो. नऊ वर्षांच्या मुलाला मागे पडल्याचं दुःख खरं असतं, ते उडवून लावू नका. पण आपण काय शिकलो हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगता यायला हवं.

प्रश्न : मुलीला क्लासला सोडता सोडता वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षी मीही सुरू केलं. सध्या ऑरेंज बेल्ट. लाथ कमरेच्या वर जात नाही, डावा गुडघा कधीमधी दुखतो. ग्रेडिंगला सगळी मुलं आणि मी एकटी. ब्लॅक बेल्टचा विचार करणं माझ्यासाठी वेडेपणा आहे का?

उत्तर : अजिबात नाही. नियमित, म्हणजे आठवड्याला दोन-तीनदा येणाऱ्या माणसाला शोदानपर्यंत, म्हणजे पहिल्या दानच्या ब्लॅक बेल्टपर्यंत, साधारण तीन ते पाच वर्षं लागतात. तुम्हाला थोडी जास्त लागतील, एवढंच.

लाथेच्या उंचीची काळजी सोडा. माए-गेरीत, म्हणजे समोरच्या लाथेत, मी आधी गुडघा बघते. गुडघा छातीकडे वर आला का, पाय तिथून सुटला का, आणि लाथ मारून झाल्यावर पाय मागे ओढून घेतला का, की तसाच धपकन खाली टाकला. पोटाच्या उंचीवर नीट मारून परत घेतलेली लाथ, डोक्यापर्यंत फेकलेल्या आणि तोल घालवणाऱ्या लाथेपेक्षा मला केव्हाही जास्त पटते.

गुडघ्याकडे मात्र लक्ष हवं. झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा पाय वाकवलेल्या लांब स्टान्समध्ये, पुढचा गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच राहिला पाहिजे. पुष्कळ जणांचा तो आत, दुसऱ्या पायाकडे झुकतो, आणि दुखणं तिथून सुरू होतं. वळतानाही तेच. पाय जमिनीला चिकटलेला आणि अंग वर फिरतंय, असं झालं की सगळा पीळ गुडघ्यात जातो. टाच किंवा चवडा आधी मोकळा करा, मग वळा. स्टान्स थोडा आखूड घेतलात तरी चालेल, परीक्षेआधी परीक्षकांना गुडघ्याचं सांगून ठेवा. तरीही दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, दुखरा गुडघा घेऊन रेटू नका.

आणि मुलांच्या रांगेत उभं राहण्याबद्दल. दोजोत रांग वयाने लागत नाही, श्रेणीने लागते. बारा वर्षांचा ब्राऊन बेल्ट तुमच्या उजवीकडे, तुमच्या वर उभा राहील आणि तुम्ही त्याला सेन्पाई, म्हणजे वरिष्ठ, म्हणाल. माझ्या क्लासमध्ये मोठ्या वयात आलेल्या बायका आहेत. त्यांचा एक गुण मला फार आवडतो, त्या ‘हा ब्लॉक कशासाठी?’ असं विचारतात. मुलं क्वचितच विचारतात. काताचा अर्थ, बुंकाई, तुम्हाला त्या मुलांच्या आधी उमगेल, आणि वरच्या परीक्षांत त्याचा उपयोग होतो.

प्रश्न : मॅडम, मी फर्स्ट क्यू ब्राऊन आहे, कॉलेजला आहे. शोदानच्या परीक्षेत दोनदा नापास झालो. काता चुकलेला नाही, कुमितेही (लढत) बरं झालं. दोन्ही वेळा शेरा एकच : ‘कंबर वापरत नाही.’ माझ्यात ताकद आहे, वेग आहे, क्लासमध्ये सगळे मला फास्ट म्हणतात. मग कमी काय पडतंय? सोडून द्यावंसं वाटतंय.

उत्तर : सोडू नकोस. दोन वेगवेगळ्या परीक्षांत तोच शेरा आला ही तुझ्यासाठी चांगली गोष्ट आहे. दहा दोष असलेल्याला काय सांगावं हेच परीक्षकाला कळत नाही. तुला एकच सांगितलंय.

‘काता चुकलेला नाही’ असं तू लिहितोस. शोदानला बसणाऱ्याला क्रम पाठ असणार हे आम्ही धरूनच चालतो. विसरणं, दिशा चुकणं हे यलो-ऑरेंजचे प्रश्न. थर्ड क्यूपासून फर्स्ट क्यूपर्यंत पुष्कळ ठिकाणी एकच ब्राऊन रंग असतो, आणि या तीन पायऱ्यांत बाहेरून फारसं काही बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की हालचाल कुठून सुरू होते. शोदानला आम्ही तेच बघत असतो.

आता तुझं काय होत असेल ते सांगते. मी तुला पाहिलेलं नाही, पण वेगवान आणि ताकदवान मुलांचं जवळजवळ नेहमी हेच होतं. ग्याकु-झुकी, म्हणजे मागच्या पायाच्या बाजूच्या हाताचा पंच, मारताना तुझा खांदा आधी निघतो. हात वेगात जातो, म्हणून बघणाऱ्याला पंच फास्ट वाटतो. पण कंबर मागेच राहते किंवा हाताच्या मागून घाईघाईने येते. खरी ग्याकु-झुकी खालून येते. मागच्या पायाची टाच जमिनीला दाबते, तो दाब नितंबापर्यंत चढतो, कंबर तिरक्या अवस्थेतून समोर येते, आणि हात सगळ्यात शेवटी सुटतो. हे सगळं क्षणभरात होतं, पण क्रम हाच. तुझी टाच उचलली जात असेल तर दाब तिथेच संपतो.

स्वतःला तपासायचं असेल तर पुढच्या गुडघ्याकडे बघ. झेनकुत्सु-दाचीत उभा राहा, पुढच्या गुडघ्याला जेमतेम लागेल अशी एक काठी उभी धर किंवा मित्राला तिथे तळहात धरायला सांग, आणि कंबर मागे घे, पुढे आण, मागे घे, पुढे आण. हात वापरू नकोस, कमरेवर ठेव. गुडघा काठीपासून सुटला किंवा काठीला ढकलू लागला, तर तुझी कंबर फिरत नाहीये, अख्खं शरीर पुढेमागे होतंय. दाराचा कब्जा जागेवर राहतो आणि फळी फिरते, तसं व्हायला हवं. आधी हे सावकाश कर, अगदी कंटाळा येईल इतकं सावकाश. वेगात हा दोष लपतो, म्हणूनच तुझ्या क्लासमध्ये तो कुणाला दिसलेला नाही.

मग हेयान शोदानकडे परत जा. होय, अगदी पहिल्या काताकडे. बास्साई दाई हा वरचा काता तू रोज करत असशील, तो थोडे दिवस बाजूला ठेव. कराटेगुरू इतोसु आंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या शाळकरी मुलांसाठी पिनान नावाचे पाच काता बसवले. फुनाकोशींनी त्यांना हेयान म्हटलं आणि पहिल्या दोघांचा क्रम उलटा केला, कारण मूळचा दुसरा सोपा होता. तो सोपा आहे म्हणूनच त्यात लपायला जागा नाही. २१ हालचाली, बहुतेक झेनकुत्सु-दाचीतल्या, शेवटच्या चार शुतो-उके (उघड्या हाताच्या कडेने ब्लॉक).

त्यातली एकच जागा घे. तिसऱ्या आगे-उकेवर (वरचा ब्लॉक) पहिली किआई होते, उजवा पाय पुढे. तिथून २७० अंशांत वळून डाव्या हाताने गेदान-बराई, म्हणजे खालचा ब्लॉक. हे वळण म्हणजे माझ्यासाठी अर्धी परीक्षा असते. बहुतेक मुलं डावा पाय भर्रकन फिरवतात, पाय टेकवतात, आणि मग हात खाली मारतात. म्हणजे दोन हालचाली झाल्या, मधे पोकळी. काहीजण वळताना उभे होतात, डोकं वर जातं आणि परत खाली येतं. वजन उजव्या पायावर राहिलं पाहिजे, उजवा गुडघा वाकलेलाच हवा, कंबर डाव्या पायाला ओढून आणते, आणि पाय स्थिरावतो त्याच क्षणी बराई संपते, कंबर अर्धी उघडी. मोबाईल बाजूला कमरेच्या उंचीवर ठेवून व्हिडिओ काढ. पुन्हा बघताना हात बघू नकोस, फक्त डोक्याची उंची बघ. डोकं एका पातळीत सरकत असेल तर खाली पाय काम करतायत.

हिकितेबद्दलही लिहायला हवं. मागे ओढला जाणारा हात तू नुसता कमरेवर ठेवत असशील. तो पंचाइतक्याच जोराने मागे गेला की त्या बाजूची कंबर आपोआप मागे जाते. पंच अडलाय असं वाटलं की मी विद्यार्थ्याला हिकितेचाच सराव देते, पंच विसरायला लावते. पुष्कळदा तेवढ्याने फरक पडतो.

आणि ताकद. तू ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावत असणार. घट्ट झालेला स्नायू हळू चालतो. हात सुटताना मोकळा, पोहोचताना क्षणभर घट्ट, लगेच परत मोकळा. किमे म्हणतात ते हेच. खांदे कानांकडे गेलेले दिसले की परीक्षकाला लगेच कळतं.

तुझ्या सरांना सांग की पुढच्या परीक्षेला बसण्याआधी मला फक्त हेयान शोदान, ओई-झुकी (पाऊल टाकून मारलेला पंच) आणि ग्याकु-झुकीवर बघा. परीक्षेच्या तारखेवरून सराव ठरवू नकोस, सराव बघून सरांना तारीख ठरवू दे. नापास झालेले विद्यार्थी दोजोत परत येतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो, आणि शोदानला नापास होऊन परत आलेले बरेच जण पुढे चांगले शिक्षक झालेले मी पाहिलेत. कारण कमरेचं काम त्यांना समजून-उमजून शिकावं लागलं.

प्रश्न : बेल्ट धुवायचा नसतो, धुतला तर कमावलेलं निघून जातं, असं ऐकलं. पांढरा बेल्ट घामाने आणि मातीने काळा होत होत ब्लॅक बेल्ट झाला म्हणे. खरं का?

उत्तर : नाही. ज्युदोत काळा पट्टा वेगळा ठरवून दिला गेला, तो मळून काळा झालेला नाही. घामाचा बेल्ट आठवडेच्या आठवडे बॅगेत ठेवला की वास येतो, त्वचेला खाज सुटते. थंड पाण्यात, गी (कराटेचा पोशाख) सोडून वेगळा धुवा, कारण रंग जातो. पिळू नका, सावलीत वाळवा. कापड थोडं आटेल, म्हणून नवीन बेल्ट घेताना टोकं जराशी लांब ठेवा.

प्रश्न : मुलीचा यलो बेल्ट आहे, पण स्पर्धेत तिला लाल बेल्ट बांधायला लावला. नातेवाइकांना फोटो पाठवला तर सगळे विचारतायत की रेड म्हणजे ब्लॅकच्या वरचा का?

उत्तर : स्पर्धेतला लाल आणि निळा श्रेणीचा नसतो. एका बाजूची खेळाडू आका, म्हणजे लाल. दुसरी आओ, निळी. पंचांना गुण कुणाला द्यायचे ते पटकन कळावं, एवढंच कारण. तोक्यो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली निप्पॉन बुदोकानमध्ये कराटे खेळलं गेलं, तिथेही मोठमोठे दान मिळवलेले खेळाडू लाल किंवा निळ्या बेल्टमध्येच उतरले होते. काही पद्धतींत फार वरच्या दानला लाल पट्टा असतो हे खरं, पण तुमच्या मुलीच्या फोटोचा त्याच्याशी संबंध नाही. मुलीने काता पूर्ण केला असेल तर तिचं कौतुक करा.

प्रश्न : सर डबल प्रमोशन देऊ म्हणतात, ऑरेंज सोडून थेट ग्रीन. घ्यावं का?

उत्तर : खालच्या क्यूमध्ये, मूल खरंच पुढे असेल आणि सरांनी स्वतःहून सुचवलं असेल, तर घ्या. पण सोडलेल्या पायरीचा काता नीट शिकवणार का, ते विचारून घ्या. ब्राऊनमध्ये मात्र एकही पायरी गाळू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या तीन पायऱ्यांमधला वेळ घाईने भरून काढता येत नाही.

प्रश्न : मी कॉलेजात असताना गोजू-र्यूमध्ये शोदान केलं. नंतर नोकरी, संसार, सगळं सुटलं. आता पुन्हा सुरू करायचंय, पण जवळ जो दोजो आहे तो शोतोकानचा. ब्लॅक बेल्ट बांधून जाऊ, की व्हाईट? माझं शोदान अजून शोदान आहे का?

उत्तर : मिळालेला दान कुणी काढून घेत नाही. तुमचं सर्टिफिकेट ज्या संघटनेने दिलं तिथे ते आजही खरं आहे. नवी संघटना ते मानेल की नाही, हा तिचा नियम. काही जण सर्टिफिकेट बघून मानतात, काही जण परीक्षा घेतात, काही जण म्हणतात की आधी आमचे काता शिका. पहिल्या दिवशी सर्टिफिकेटची प्रत घेऊन जा, सरांना मोकळेपणाने सगळं सांगा, आणि ‘कोणता बेल्ट बांधू?’ असं त्यांनाच विचारा. ते काहीच बोलले नाहीत तर व्हाईट बांधा. हे मी तुमचा मान राखूनच सांगतेय. काळा बेल्ट बघितला की मुलं तुमच्या मागे उभी राहून तुमचं बघून करणार, आणि हेयान शोदान तुम्हाला अजून येत नाही. चार-सहा महिन्यांनी हा प्रश्न आपोआप सुटेल.

बेल्टशिवाय मोठं कराटे झालेलं आहे, हेही लक्षात असू द्या. तुमच्या गोजू-र्यूचे संस्थापक मियागी चोजुन (१८८८–१९५३) यांनी आपल्या शिष्यांना स्वतः दान दिले नाहीत. दान आले ते त्यांच्या नंतरच्या पिढीत.

अंगाला जड जाईल तो स्टान्स. गोजूच्या सान्चिन-दाचीत पाय जवळ, बोटं आत. शोतोकानमध्ये लांब आणि खोल झेनकुत्सु, त्यामुळे पहिले काही आठवडे मांड्या भरून येतील. पंचही थोडे वेगळे वाटतील. जुन्या सवयी लगेच मोडायच्या मागे लागू नका, सर दाखवतील तसं करत राहा. पुढे हांगेत्सु काता आला की तुम्हाला ओळखीचं काही भेटेल, कारण तो आणि गोजूतला सेसान एकाच मुळाचे आहेत. आणि तुमचा सान्चिन काता सोडू नका. सरांची परवानगी घेऊन क्लासच्या आधी किंवा नंतर एकदा सावकाश करत जा. श्वास आणि पोटाचा जो सराव तुम्ही तेव्हा केला होता, तो इथल्या मुलांनी पाहिलेला नसेल. कुणी विचारलं तर नक्की शिकवा.